दुपारी दोनचं तापमान

१४ एप्रिल
सकाळी ९ : ३४. दुपारी २ : ४६. संध्याकाळी ६ : ४१.

मालकांनी आज दुपारी ही वही दिली, सकाळचा आकडा आठवून लिहिलाय. रोज तीन वेळा शेडमधलं तापमान लिहायचं, बाकी काही नको. बाकी काही नको म्हणे! या शेडचं छप्पर मी बसवलंय, साडेतीनशे पत्रे, एकेक बोल्ट माझ्या हातचा. नुसते आकडे लिहायला मी काय भिंतीवरचा थर्मामीटर आहे?

तर आज शेडमध्ये रक्त सांडलं. आम्ही लोखंडी कपाटं बनवतो. पत्रा वाकवणाऱ्याला सगळे लंबू म्हणतात. जेवणानंतर लंबूने पंखा स्वतःकडे वळवला, वेल्डरने परत आपल्याकडे वळवला. कारण एवढंच. लंबूने लाकडी हातोडा उचलून वेल्डरच्या कानशिलात घातला. कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. बायकांच्या झुमक्यासारखी, खरंच.

मी मध्ये पडलो. लंबूचं मानगूट धरलं आणि डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. तीनदा. नवं कोरं दार, त्याला पोचा आला. वेल्डर फाटक्या कानानिशी मला आवरायला आला, तर त्यालाही एक ठेवून दिली. मालक धावत आले आणि म्हणाले, "अरे, तू भांडण सोडवायला आलास की करायला? दोघांनी मिळून मारलं नाही तेवढं तू एकट्याने मारलंस!"

मी म्हटलं, "साहेब, सेहेचाळीस डिग्री आहे. या पत्र्याखाली साधू बसवा, संध्याकाळपर्यंत तोही कुणाचा तरी गळा धरेल. छपराचं काहीतरी करा."

"मग तूच कर. वर चढ. आणि रोजचं तापमान लिहून दाखव."

म्हणून ही वही. शेडमध्ये मला पाठीमागे कुकर म्हणतात, माहीत आहे मला. शिट्टी होते म्हणून. होऊ दे. वाफ कुणी भरली ते कुणी विचारत नाही.

घरी कुणी नाही. बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली त्याला आज अकरा दिवस झाले. हात लागला, एवढंच. त्या दिवशी मी दिवसभर पत्र्यावर होतो आणि घरी आलो तर घरही पत्र्याचंच. तिथे तरी काय वेगळं होणार होतं?

१६ एप्रिल
३४, ४६, ४२.

छप्पर झाडलं. गंज घासून काढला. पत्र्यावर गुडघा टेकवत नाही, ओली पोती अंथरून बसावं लागतं. पाच मिनिटांत पोतं वाळून कडक. तळहाताला फोड आलेत. वरून खाली बघितलं की माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि अजिबात राग येत नाही.

१७ एप्रिल
३५, ४६, ४२.

आज आमच्या खोल्यांच्या ओळीबद्दल लिहितो, कारण डोक्यात तेच घोळतंय. नऊ खोल्या, वरून एकच लांब छप्पर. मधल्या भिंती आठ फुटांपर्यंत, त्यावर थेट पत्र्यापर्यंत मोकळं. एका घरात मिरची तळली की नऊ घरांना ठसका. कोण घोरतो, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं सगळ्यांना पाठ. छपराखालचा आडवा लोखंडी पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या खोल्यांतून गेलाय. कुणाच्या घरात आवाज चढला की शेजारचा काठीने पाइप ठोकतो. मग त्याच्या पलीकडचा. मग सगळेच. नऊ घरं ठणठणायला लागली की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. ओळीचा रिवाज आहे म्हणे. कुठली रिकामटेकडी माणसं ही!

यात सगळ्यात पुढे शेजारची मावशी. हॉस्पिटलात आया होती, आता घरी बसून असते. काठी तिच्या उशाशीच. तीन एप्रिललाही आधी तिनेच ठोकलं, आणि ठोकून गप्प बसेल तर शपथ, सरळ दार ढकलून आत आली आणि माझ्या बायकोला उठवून घेऊन गेली. माझ्या घरातून, माझ्यादेखत. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण सत्तर वर्षांच्या बाईवर हात कसा टाकणार. मला काही रीतभात आहे की नाही?

२२ एप्रिल
३३, पांढऱ्या बाजूला ३९, काळ्या बाजूला ४६.

निम्म्या छपरावर ऊन परतवणारा पांढरा रंग दोन हात देऊन झाला. वर डोळे दिपतात, उपरणं गुंडाळून बसलो तरी पाणी येतं. पण खाली सात डिग्रींचा फरक! मी स्वतः दोन थर्मामीटर लावून बघितला. आजवर लोक पत्रा तापला की पंखे वाढवत बसले. अरे, पंखा गरम हवाच फिरवणार. ऊन पत्र्यावरूनच परत पाठवलं तर खाली येईलच कशाला! आणि जी गरम हवा आत आहे तिला माथ्यावरून वाट द्या. एवढं सोपं आहे.

मी वहीत भांडणांचाही एक रकाना आखलाय. चौदा तारखेला एक. त्यानंतर शून्य, शून्य, शून्य. मालकांना दाखवलं तर हसले. म्हणाले, "खरं आहे बाबा. तू वर गेल्यापासून खाली शांतता आहे."

इतक्या वर्षांत मालकांनी पहिल्यांदा कौतुक केलं.

२६ एप्रिल
३२, ३८, ३५.

सगळं छप्पर पांढरं झालं. माथ्यावर वाऱ्याने फिरणारे चार पंखे बसवले. शेडमध्ये वेल्डर गाणं म्हणत होता, फाटका कान शिवलेला. भांडणं शून्य.

उद्या सुट्टी. वही घेऊन मेहुण्याकडे जाणार.

२७ एप्रिल

गेलो. मेहुणा बस चालवतो, बायकोचा मोठा भाऊ. मी आत पाय टाकायच्या आधीच त्याने माझी कॉलर धरली आणि जिन्याच्या कठड्यावर दाबलं. दोन मजले खाली रस्ता दिसत होता. "जावईबापू, ढकलू का? एका मिनिटाचं काम आहे," म्हणाला. कठडा पाठीत रुतला, सालटं निघाली. एरवी मी त्याचे दात घशात घातले असते. पण मी शांत राहिलो. त्यांच्या घरावर स्लॅब आहे, बघा. चौतीसच्या वर नसेल.

मग मी वही काढली. त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून आकडे दाखवले. "हे बघा, सेहेचाळीसला भांडण, अडतीसला शून्य. घरात काय वेगळं आहे? तोच पत्रा, तोच मी. मी घर थंड करतो. मग काही होणार नाही. लिहून देतो."

मेहुण्याने आकड्यांवरून बोट फिरवलं. शिकलेला माणूस आकड्यांपुढे वाकतोच. त्यात त्याच्या बायकोने दोनदा सुनावलं की खोली एक आणि माणसं सात, आणि सुट्टीत तिच्या बहिणीची मुलं यायची आहेत. मेहुण्याने वही मिटून माझ्या हातात दिली.

बायको दाराशी उभी होती. डावा हात अजून गळ्यात बांधलेला. तिने एकच विचारलं, "मावशी आहेत ना शेजारी?"

"आहे की. ती कुठे जातेय!"

"मग येते," म्हणाली.

नवरा एवढा उन्हात करपून छप्पर रंगवतो आणि हिला शेजारणीची पडलीय. बायकांना गप्पांशिवाय सुचत नाही हेच खरं.

१ मे
घर, दुपारी २ : ४४.

मालकांनी शेडचा उरलेला माल नेऊ दिला. आमच्या खोलीवरचा पत्रा पांढरा केला, एक वाऱ्याचा पंखा बसवला. पण मी एवढ्यावर थांबणारा नाही. भिंतीच्या उंचीला, म्हणजे आठ फुटांवर, अख्ख्या खोलीला दुसरं छत घेतोय. पट्ट्यांची चौकट, तिला चंदेरी फोमच्या शीट, त्याखाली प्लाय. आणि छताच्या वर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरची जी फट आहे ती ग्लासवूलने, म्हणजे काचेच्या कापसाने, गच्च भरायची. शेजाऱ्यांची गरम हवा आपल्याकडे कशाला?

२ मे
घर : ३६. अजून छत अर्धंच आहे!

ग्लासवूल भरताना भिंतीच्या वरून पलीकडे मावशी दिसली. खाटेवर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"अरे, ही फट बुजवू नकोस."

"गरम हवा येते, मावशी."

"येऊ दे की. माझ्या बाजूला काय ठोकायचं ते ठोक, ऊन मी सोसेन. पण वर थोडं तरी मोकळं ठेव."

"का?"

"तुझ्या घरातलं ऐकू यायला हवं मला."

बघा म्हणजे! तोंडावर सांगते. इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नाही. मी तिच्या डोळ्यांदेखत शेवटची पिशवी फटीत कोंबली आणि वरून प्लाय ठोकला. तिने पलीकडून काठी आपटली ती मला कापसात बुक्की मारल्यासारखी ऐकू आली. पाइपलाही मी ग्लासवूल गुंडाळलंय. लोखंड उष्णता घेऊन येतं.

४ मे
घर, दुपारी २ : ३२. बाहेर ४३!!

आल्या दोघी. मेहुणा ओळीच्या तोंडाशीच सोडून गेला, आत आला नाही. मुलीने आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "बाबा, फ्रीज!" मी तिला उचलून छताला हात लावायला दिला. केवढं बरं वाटलं, काय सांगू. या घरात इतकं हसू कधी आलं होतं आठवत नाही.

बायको मात्र पिशवी हातात धरून उभीच. छताकडे बघत, मग भिंतीकडे, मग परत छताकडे. "वरची फट कुठे गेली?"

"गच्च भरली. चार इंच ग्लासवूल!"

तिने मुलीला मावशीकडे पाठवलं. "जा, मावशींच्या खाटेवर जाऊन बस. मी हाक मारली की ओ दे." मुलगी गेली. बायकोने दार लावून घेतलं, भिंतीशी गेली आणि हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग अशी किंचाळली की माझ्याच कानठळ्या बसल्या. म्हटलं, अगं, वेड लागलं का?

थोड्या वेळाने मुलगी परत आली. "आई, किती वेळ झाला, मारलीस का हाक? मावशीआजी आणि मी कान देऊन बसलो होतो."

मी टाळी वाजवली. असलं काम मोठमोठ्या इंजिनिअरला जमणार नाही! ऊन तर ऊन, आवाजसुद्धा पार होत नाही! बायको खाली बसली. पांढरीफटक पडली होती. प्रवासाचा शीण. पण एक शब्द, एक शब्द कौतुकाचा बोलली असती तर काय बिघडलं असतं?

७ मे
३१.

खिडकीलाही आतून चंदेरी शीट ठोकली. दुपारी दिवा लावावा लागतो, पण उन्हाचा एक थेंब आत येत नाही. मी एकही शब्द चढवून बोललेलो नाही. भांडणं शून्य. मेहुण्याला फोन करून आकडा सांगितला. "बघतो," म्हणाला. बघतो काय? बघितलंस की!

मुलीला सुट्टी आहे. दिवसभर घरात. बायको सारखी तिला मावशीकडे पाठवते.

११ मे
३१.

आज लिहायचं नाही.

१२ मे
३१. बाहेर ४३.

लिहितो. मालक आता वही मागत नाहीत, तेव्हा लपवायचं कुणापासून?

काल शेडमधून लवकर आलो. दार सताड उघडं. आत थर्मामीटर ३७. मी दहा दिवस जिवाचं रान करून ऊन बाहेर काढलं आणि ही बाई दार उघडून त्याला आत घेतेय! दाराजवळ बसून भाजी निवडत होती. मी शांतपणे सांगितलं, दार लाव. म्हणाली, राहू दे ना थोडा वेळ. मी म्हटलं, थंडावा जातोय. म्हणाली, जाऊ दे, मला चालतं गरम. चालतं! तिसऱ्यांदा सांगितलं. तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली आणि मान हलवली. नाही म्हणून.

तिचं डोकं चौकटीला लागलं. लागलं म्हणजे मी आपटलं. मग केसांना धरून आत ओढली आणि दार लावलं. तीन एप्रिलच्याच हाताला धरलं होतं बहुतेक, कारण ती ओरडली ती वेगळंच ओरडली. मुलगी खाटेखाली सरपटली. मी लाथ घातली. पोटात, मग पाठीत. ती ओरडली तसं मी सवयीने वर बघितलं, आता ठणठण सुरू होणार म्हणून.

काही नाही.

कुणी ठोकलं नाही. दाराशी कुणी आलं नाही. माझाच श्वास तेवढा ऐकू येत होता. एरवी कुणी ठोकलं की संताप होतो, पण थांबायचं कुठे ते कळतं. काल कळलंच नाही. मी थांबलो ते पायाचा अंगठा सुजला म्हणून. किती वेळ झाला होता, देव जाणे. तिने चूळ भरली तेव्हा दात पडला. मुलीने तो उचलून कागदात बांधून ठेवला.

आता प्रश्न असा, की एकतीस-सदतीस डिग्रीला असं का व्हावं? रात्रंदिवस त्याचाच विचार करतोय. मला वाटतं, सूर्य गेल्यावरही पत्रा तास दोन तास चटका देतो ना, तसं आहे. मी वर्षानुवर्षं तापलोय. निवायला वेळ लागणार. आणि मुळात सदतीस झालंच कशामुळे? दार उघडल्यामुळे.

१४ मे
३०.

यावर उपाय केला. कामावर जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावतो. म्हणजे दार उघडायचा प्रश्नच नाही आणि दिवसभर तीस-एकतीस टिकतं. पाण्याचे दोन हंडे भरून ठेवतो. पलंगाजवळ सगळं हाताशी आहे. ती नुसती पडून असते. मुलगी माझ्याशी बोलत नाही, बोट दाखवून मागते काय हवं ते.

मावशी ओट्यावर आडवी आली. "पोरीची आई दिसली नाही तीन दिवस?"

"आराम करतेय. घरात गारवा आहे, बाहेर कशाला मरायला येईल?"

"कुलूप कशाला?"

"थंडावा टिकायला."

हिला शास्त्र काय कळणार?

१६ मे
३०.

मेहुण्याचा फोन. "बहिणीला दे." म्हटलं, झोपलीय. म्हणाला, दुपारी झोपायची सवय नाही तिला. म्हटलं, आता घर थंड आहे, लागते झोप. त्याने फोन ठेवला.

१८ मे
घर ३०. शेड ३६.

शेडचं छपराचं काम सगळं संपलं. उद्यापासून मला खाली, लंबूच्या शेजारच्या मशीनवर काम दिलंय.

१९ मे

आज शेडचं तापमान दोन वाजता ३५ होतं आणि तरी भांडण झालं. लंबू नुसता हसला. माझ्याकडे बघून की वेल्डरकडे बघून, ते माहीत नाही. मी त्याचा हात मशीनच्या पात्याखाली धरला. पातं खाली आलं असतं तर चार बोटं गेली असती. वेल्डरने बटण बंद केलं आणि मला मागून लोखंडी पट्टीने हाणलं. डोकं फुटलंय, शर्टावर रक्त आहे. मालक म्हणाले, "छप्पर थंड होतं, शेड थंड होती, माणसं थंड होती. आता तू घरी जा. परत येऊ नकोस." म्हणजे काय ते मला समजलं नाही. मी छप्पर करून दिलं आणि मलाच बाहेर?

तीनच्या सुमाराला घरी पोचलो. ओळीबाहेर चिटपाखरू नव्हतं, एरवी ओट्यावर बायकांचा बाजार भरलेला असतो. कुलूप जसंच्या तसं. काढलं, दार उघडलं, आणि तोंडावर भट्टीचं झाकण उघडल्यासारखी झळ आली.

मावशीकडच्या भिंतीलगत छताला भगदाड. खाली पलंग, पलंगावर लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर मुलीचं स्टूल. माझी पत्रा कापायची कात्री उशीवर पडलेली. फोमच्या शीट फाडून लोंबत होत्या, प्लाय उचकटला होता, आणि घरभर ग्लासवूल. उघड्या हातांनी उपसलंय तिने. पिवळ्या गुंतवळ्यांवर जागोजागी रक्त होतं. त्या एका हाताने कसं जमलं कोण जाणे. भिंतीच्या वरून सरळ पलीकडे मावशीच्या खोलीचा पत्रा दिसत होता. घरात कुणी नव्हतं.

आणि वरून आवाज आला. इतका स्वच्छ, की माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखा.

"सावकाश सांगा, बाई. हवालदार लिहून घेतायत, घाई नाही." हा आवाज ओळखीचा नव्हता. कुणी पोलीसबाई असावी.

मग माझ्या बायकोचा आवाज. रडत नव्हती. वाण्याला यादी सांगावी तशी सांगत होती. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मग दुसरा. मग एक हिवाळा. (हिवाळा? तेव्हा काय झालं होतं? मला आठवेना.) मग मुलगी पोटात असतानाचं. मध्ये कुणी बोलत नव्हतं. नऊच्या नऊ घरं ऐकत असणार, कारण कुठेही भांडं वाजत नव्हतं, नळ चालू नव्हता. मेहुण्याचं नाक ओढणं ऐकू आलं. मी पलंगावर बसलो. ही वही उघडली आणि ती सांगतेय ते खरं की खोटं ते ताडून बघायला लागलो.

सांगत सांगत ती तीन एप्रिलपर्यंत आली. म्हणाली, "लोखंडी सळईने मारलं."

मला राहवेना. मी उभा राहिलो आणि भगदाडाकडे तोंड करून ओरडलो, "खोटं आहे! सळई नव्हती! रबरी नळी होती, पाणी मारायची!"



मग पोलीसबाईने अगदी साधेपणाने विचारलं, "कोणत्या रंगाची हो?"

"हिरवी. अंगणातली."

"किती वेळा मारलं असेल?"

"मोजले नाहीत. बारा-पंधरा. जास्त नाहीच, तेवढ्यात या मावशीने ठोकायला सुरुवात केली."

"आणि अकरा मेला?"

तारीख तिला बायकोने सांगितली असणार. मी वहीतलं पान काढलं आणि जसं झालं तसं सगळं वाचून दाखवलं. चौकट, केस, लाथा, दात. दार का लावायला सांगितलं ते पण वाचलं, कारण मुद्दा तोच आहे. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. खालच्या आवाजात हवालदाराला म्हणाली, "लिहा, लिहा." इतकी वर्षं सगळे मला ठोकून गप्प करत आले. माझं म्हणणं काय ते आज कुणीतरी पहिल्यांदा पुरतं ऐकून घेत होतं.

"तुम्ही रोज लिहिता का असं?" तिने विचारलं.

"रोज. तारखेसकट, तापमानासकट. एक आकडा खोटा नाही."

"बरं केलंत. ती वही घेऊन या ना इकडे. सही करून द्या म्हणजे झालं."

म्हटलं, आजचं लिहायचं राहिलंय, थोडा वेळ द्या. म्हणाली, "लिहा. अगदी सावकाश लिहा. आम्ही आहोत दाराशीच." खरंच दाराखालच्या फटीत बुटांच्या दोन सावल्या दिसतायत. पलीकडे मुलगी बायकोला विचारतेय, "आई, आता झोपू का?" आणि ती म्हणतेय, "झोप."

चला, लिहून झालं. आता नेऊन देतो. पहिल्या पानापासून वाचलं की त्यांनाही पटेल.